ओठ बधिर, दाढ मात्र जागी: खालच्या जबड्याच्या आतले चकवे

खालच्या दाढेवर उपचार करून घेणाऱ्या बऱ्याच जणांना हा अनुभव आलेला असतो. जबड्याच्या मागच्या बाजूला इंजेक्शन मिळतं. पाच-दहा मिनिटांत खालचा ओठ जड होतो आणि अर्धी हनुवटी आपली नाहीच असं वाटायला लागतं. डॉक्टर विचारतात, "बधिर झालं का?" आपण मान हलवतो. ड्रिल दाढेला टेकतं आणि आपण खुर्चीतून उडतो. मग दुसरं इंजेक्शन, कधीकधी तिसरं. पेशंटला वाटतं, डॉक्टरांचा हात अजून बसलेला नाही. डॉक्टरांना वाटतं, पेशंट घाबरट आहे. बऱ्याचदा दोघांचाही अंदाज चुकलेला असतो, कारण खरी गोष्ट हाडाच्या आत घडलेली असते.

शरीररचनेच्या पुस्तकात खालच्या जबड्याचं जे सुबक चित्र असतं, ते कुणा एका माणसाच्या जबड्याचं नसतं. पुष्कळ जबडे पाहून काढलेली ती सरासरी असते. नस, म्हणजे संवेदना वाहून नेणारा मज्जातंतू, इथून आत शिरते, इथून जाते, इथून बाहेर पडते, असं ते चित्र ठामपणे सांगतं. प्रत्यक्षात कुणाची नस थोडी वरून शिरते, कुणाच्या नसेला मध्येच फाटा फुटतो, तर कुणाची नस बाहेर पडण्याआधी पुढे जाऊन वळसा घेऊन परत येते. यातलं काहीही आजार नाही. असा जबडा घेऊन माणूस नव्वद वर्षं मजेत जेवतो. प्रश्न येतो तो त्या जबड्यात सुई, ड्रिल किंवा स्क्रू घालायची वेळ येते तेव्हा.

हाड एक, अर्धे दोन

खालचा जबडा हे एक हाड की दोन, यावरच वैद्यकानं जवळजवळ तेराशे वर्षं घोळ घातला होता. रोमन काळातला थोर वैद्य गेलन याच्या मते माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा असतो. त्यानं विच्छेदन केलं होतं ते मुख्यतः प्राण्यांचं, आणि कुत्र्यासारख्या प्राण्यांत जबड्याचे दोन अर्धे पुढच्या बाजूला वेगळे राहतात. पुढे १५४३ साली शरीररचनातज्ज्ञ वेसेलियसनं माणसांचे सांगाडे पाहून सांगितलं की हे एकच हाड आहे. गेलनच्या बाजूनं एवढंच म्हणता येईल की नवजात बाळापुरतं त्याचं बरोबर होतं. आपण जन्मतो तेव्हा जबड्याचे दोन अर्धे हनुवटीपाशी सुटेच असतात, आणि पहिल्या वर्षात ते सांधून एकजीव होतात.

हे हाड वरून घोड्याच्या नालासारखं दिसतं. आडव्या भागात दात रुतलेले असतात. दोन्ही टोकांना हाड वर वळतं आणि कानाच्या पुढे कवटीला सांधलं जातं. या उभ्या भागाच्या माथ्यावर दोन शिंगं असतात. मागचं सांध्यात बसतं, पुढच्याला चावण्याचा एक मोठा स्नायू चिकटतो. क्वचित कुणाचं मागचं शिंग मधोमध खाच पडून दुहेरी झालेलं असतं. बहुतेकांना त्याचा पत्ता आयुष्यभर लागत नाही, दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये ते अचानक दिसतं.

आपल्याला मात्र त्या नसेचा माग काढायचा आहे. दंतवैद्यकात तिचं नाव इन्फिरियर अल्व्हिओलर नर्व्ह. जबड्याच्या उभ्या भागाच्या आतल्या, म्हणजे जिभेकडच्या बाजूला एक छिद्र असतं. त्यातून ती हाडात शिरते, दाढांच्या मुळांखालून एका बोगद्यातून पुढे सरकते आणि वाटेत प्रत्येक दाताला बारीक फांदी देते. उपदाढांच्या, म्हणजे सुळा आणि दाढा यांच्या मधल्या दोन दातांच्या, आसपास तिचा मोठा हिस्सा दुसऱ्या छिद्रातून बाहेर पडून ओठाला आणि हनुवटीला जातो. उरलेली बारीक शाखा हाडातच राहून पुढच्या दातांपर्यंत पोचते. या बोगद्याची रुंदी दोन-तीन मिलिमीटर असते आणि नसेच्या जोडीला त्यातून रक्तवाहिन्याही जातात.

दारापाशीच चुकामूक

वरच्या जबड्याचं हाड पातळ आणि सच्छिद्र असतं. दाताशेजारी हिरडीत औषध सोडलं की ते झिरपत मुळापर्यंत जातं. खालच्या दाढांपाशी बाहेरचं हाड जाड आणि टणक असल्यानं तिथं ही युक्ती नीट चालत नाही. म्हणून नस हाडात शिरण्याआधीच तिला दारात गाठायचं, अशी पद्धत रूढ झाली. १८८४ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड आणि रिचर्ड हॉल यांनी कोकेन वापरून ही नस बधिर करता येते हे दाखवलं. कोकेन कधीच मागे पडलं आणि त्याच्या जागी सुरक्षित औषधं आली, पण मूळ कल्पना तीच राहिली.

अडचण अशी की हे दार डोळ्यांना दिसत नाही. गालाच्या आत बोटानं हाडाची कड चाचपायची, दातांची पातळी पाहायची आणि त्यावरून अंदाज बांधायचा. दार काही मिलिमीटर वर, खाली किंवा मागे असलं तर औषध भलत्याच ठिकाणी पडतं. दारावर हाडाची एक छोटी जिभळी असते, तिला लिंग्युला म्हणतात. ती कुणात त्रिकोणी असते, कुणात बोथट, कुणात गाठीसारखी, तर कुणात हाडात जवळजवळ विरून गेलेली. जबडा कापून पुढे-मागे सरकवण्याच्या शस्त्रक्रियेत हीच जिभळी खुणेचा दगड म्हणून वापरली जाते. ती विरलेली असेल तर सर्जनला दुसऱ्या खुणा शोधाव्या लागतात.

वयाचाही मोठा भाग आहे. लहान मुलांत हे दार दात चावतात त्या पातळीच्या खाली असतं. मूल वाढतं तसतसा जबड्याचा उभा भाग उंच होत जातो, दार त्या पातळीला येतं आणि मोठ्या माणसांत तिच्या वर पोचतं. म्हणून मोठ्या माणसाच्या मापानं मुलाला इंजेक्शन दिलं तर ते नेमक्या जागेच्या वर पडतं. मुलांवर उपचार करणारे डॉक्टर सुई खाली धरतात ती यासाठी.

या इंजेक्शनला पहिल्या फटक्यात यश न येण्याचं प्रमाण १५ ते २० टक्के असतं असं सर्रास सांगितलं जातं. दर पाच-सात जणांमागे एक, म्हणजे थोडं नाही. अर्थात सगळा दोष शरीररचनेच्या माथी मारणं बरोबर नाही. दाढेच्या आतला गाभा सुजून पेटलेला असेल तर तिथल्या मज्जातंतूंवर औषधाचा असर मुळात कमी होतो, आणि रात्रभर ठणकलेल्या दाढेची भूल न चढण्याचं हे फार मोठं कारण आहे. पण सूज नसतानाही भूल चढत नसेल, किंवा दर वेळी त्याच बाजूला असं होत असेल, तर संशयाची सुई नकाशाकडे वळते.

दारात न गाठता आणखी वर गाठण्याचे मार्गही आहेत. ऑस्ट्रेलियातले दंतवैद्य जॉर्ज गो-गेट्स यांनी १९७३ साली मांडलेल्या पद्धतीत सुई सांध्याच्या मानेपर्यंत वर नेतात. तिथं नसेला फाटे फुटण्याआधीच औषध मिळतं. तोंडच उघडत नसेल तर मिटल्या तोंडी, वरच्या दाढांच्या बाजूनं सुई घालायची पद्धत आहे, ती १९७७ साली अकिनोसी यांनी मांडली. या दोन्हींचा फायदा समजायला एक चोरवाट माहीत असावी लागते.

मुख्य नस दारात शिरण्याच्या थोडं आधी तिच्यापासून एक बारीक फांदी सुटते आणि हाडाच्या आतल्या अंगानं खाली उतरते. तिला मायलोहायॉइड नर्व्ह म्हणतात. तोंडाच्या तळाच्या स्नायूला हलवणं हे तिचं पुस्तकातलं काम. पण काही लोकांत तिचे धागे जिभेकडच्या बारीक छिद्रांतून हाडात घुसतात आणि दातांच्या वेदना वाहून नेतात. आता सुरुवातीचा प्रसंग आठवा. मुख्य नस बधिर झाली म्हणून ओठ जड झाला, पण दाढेच्या वेदनेचा एक धागा या चोरवाटेनं गेला. फांदी दाराच्या वरच सुटलेली असल्यानं दारातलं औषध तिच्यापर्यंत पोचलंच नाही. अशा वेळी दाढेच्या आतल्या बाजूला थोडं औषध दिलं किंवा वरून गाठणारी पद्धत वापरली तर काम होतं. तेच औषध त्याच जागी तिसऱ्यांदा टोचून मात्र फारसं काही साधत नाही.

पुढच्या दातांत याहून साधा गोंधळ असतो. उजव्या-डाव्या नसांचे धागे मधली रेघ ओलांडून पलीकडे गेलेले असतात, त्यामुळे एकच बाजू बधिर करून मधला दात पुरता झोपत नाही.

बोगद्याला फुटलेले फाटे

हाडाच्या आतला बोगदा एकच असतो, असं पुस्तक सांगतं. पण तो मुळात एक म्हणून तयारच होत नाही. गर्भात जबडा घडत असताना दातांच्या तीन गटांना तीन वेगळ्या वाटा जातात, एक पुढच्या दातांना, एक दुधाच्या दाढांना आणि एक कायमच्या दाढांना. पुढे त्या एकमेकींत मिसळून एक बोगदा होतो, अशी मांडणी १९९६ साली गर्भातल्या जबड्यांच्या अभ्यासावरून झाली. ती मान्य केली तर दुहेरी बोगद्याचं कोडं सुटतं. वाटा पूर्ण मिसळल्या नाहीत, की मोठेपणी दोन बोगदे दिसतात. क्वचित तीनही.

असे दुहेरी बोगदे किती जणांत असतात, याचं उत्तर तुम्ही कुठल्या यंत्रातून पाहता यावर ठरतं, आणि मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. १९८५ साली लँगलेस आणि सहकाऱ्यांनी ६,००० ओपीजी तपासले. ओपीजी म्हणजे यंत्र डोक्याभोवती फिरून पूर्ण जबड्याचा जो एक लांबलचक एक्स-रे काढतं तो. त्यांना ५७ जणांत दुहेरी बोगदा सापडला, म्हणजे १ टक्क्याहूनही कमी. पुढे सीबीसीटी आलं. हे जबड्याचं त्रिमितीय स्कॅन, त्यात हाडाचे पातळ काप एकेक करून पाहता येतात. या स्कॅनवरच्या अभ्यासांत आकडा १० टक्क्यांवर गेला, काहींत चक्क ६० टक्क्यांच्या पुढे. माणसांचे जबडे काही या मधल्या काळात बदललेले नाहीत. ओपीजीत जाडी सपाट होते, त्यामुळे एकामागे एक असलेले दोन बोगदे एकच दिसतात आणि बारीक फाटा हाडाच्या जाळीत हरवतो. आकड्यांत एवढी तफावत पडण्याचं दुसरं कारण म्हणजे किती बारीक वाटेला 'बोगदा' म्हणायचं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. म्हणून 'इतक्या टक्के लोकांत असतं' असं एकच वाक्य कुणी ठामपणे फेकलं तर ते थोडं सांभाळूनच घ्यावं.

फाट्यांपैकी एक दंतवैद्यांच्या चांगल्या ओळखीचा आहे. अक्कलदाढेच्या मागे हाडाचा एक छोटा त्रिकोणी सपाट भाग असतो. काही जणांत बोगद्यातून एक वाट वर चढून तिथं उघडते. तिच्यातून बारीक नस आणि रक्तवाहिनी येते. ही वाट असेल तर तिथं छेद देताना अनपेक्षित रक्त येऊ शकतं, त्या भागाच्या हिरडीची संवेदना काही काळ जाऊ शकते आणि नेहमीच्या इंजेक्शननं मागच्या दाढा पूर्ण बधिर न होण्याचीही शक्यता असते.

अक्कलदाढेचा विषय निघालाच आहे तर तिथंच थोडं थांबू, कारण सामान्य माणसाचा या बोगद्याशी संबंध येतो तो बहुधा तिच्यामुळेच. खालच्या अक्कलदाढेची मुळं बोगद्याच्या अगदी जवळ असतात. कधी त्याला टेकलेली, कधी त्याच्यावर खोबण पाडून बसलेली. दाढ काढताना नस दुखावली तर ओठाचा आणि हनुवटीचा अर्धा भाग बधिर होतो. बहुतेकांत काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ते पूर्ववत होतं. कायमचं बधिरपण १ टक्क्याहून कमी जणांत राहतं, पण ज्याच्या वाट्याला ते येतं त्याला त्या टक्केवारीचा काय दिलासा? चहा ओठावरून ओघळला तरी कळत नाही, दाढी करताना कापलं तरी कळत नाही.

धोका आधी ओळखायचा कसा, हे १९९० साली रूड आणि शेहाब यांनी नीट मांडलं. एक्स-रेमध्ये बोगद्याच्या वरच्या-खालच्या कडांच्या दोन पांढऱ्या रेघा दिसतात. मुळापाशी येताच ती पांढरी रेघ तुटली असेल, बोगद्यानं तिथं वळण घेतलं असेल किंवा ओलांडणाऱ्या मुळावर काळपट पट्टा दिसत असेल, तर नस मुळाला लगटून असण्याची शंका घ्यायची. अशा वेळी सीबीसीटी करून बोगदा मुळाच्या कुठल्या अंगाला आहे ते पाहतात. फारच अडचण असेल तर दाढेचा फक्त वरचा भाग कापून काढायचा आणि मुळं हाडातच ठेवायची असाही पर्याय आहे, त्याला कॉरोनेक्टमी म्हणतात. 'डॉक्टरांनी दाढ अर्धवटच काढली' म्हणून कुणी तक्रार करत आला, तर त्याला हे समजावणं गरजेचं असतं.

शेजारून आणखी एक नस जाते, जिभेला संवेदना देणारी. ती हाडाबाहेर असते, म्हणून कुठल्याच एक्स-रेत दिसत नाही. बहुतेकांत ती हिरडीच्या खाली सुरक्षित अंतरावर असते, पण काहींत हाडाच्या कडेच्या पातळीला किंवा तिच्याही वर सापडते. अक्कलदाढेपाशी छेद घेताना सर्जन जिभेकडची बाजू सांभाळून वागतात, ते हिच्यासाठी.

मग सरसकट सगळ्यांचा सीबीसीटीच का काढू नये? कारण त्यातला किरणोत्सर्ग वैद्यकीय सीटी स्कॅनपेक्षा कमी असला तरी ओपीजीपेक्षा जास्त असतो. साध्या फिलिंगसाठी तो काढणं म्हणजे डास मारायला तोफ. इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रूसारखा रोवलेला कृत्रिम दात, बसवायचा आहे, अक्कलदाढ नसेला टेकल्यासारखी दिसते आहे, एक्स-रेत काहीतरी जुळत नाही, अशा वेळी त्याची किंमत वसूल होते. पेशंटच्या हातातही एक गोष्ट असते. मागे कधी भूल चढली नव्हती, किंवा कुठल्या विशिष्ट पद्धतीनं चढली होती, हे नव्या डॉक्टरला पहिल्याच भेटीत सांगायचं. जुने एक्स-रे फेकायचे नाहीत.

बाहेर पडताना घेतलेला वळसा

नस ज्या छिद्रातून बाहेर येते त्याला मेंटल फोरामेन म्हणतात. मनाशी त्याचा काही संबंध नाही, लॅटिनमध्ये मेंटम म्हणजे हनुवटी. हे छिद्र बहुतेकांत दुसऱ्या उपदाढेच्या मुळाखाली किंवा दोन उपदाढांच्या मधोमध असतं. कुठल्या वंशगटात ते जरा पुढे, कुठल्या गटात जरा मागे, असे फरक अभ्यासांत सतत सापडतात. काही टक्के लोकांत मुख्य छिद्राशेजारी एखादं छोटं जोडछिद्र असतं. क्वचित एखाद्या बाजूला छिद्रच सापडत नाही.

एक्स-रेत हे छिद्र म्हणजे काळा गोल डाग. तो नेमका उपदाढेच्या मुळाच्या टोकावर पडला की मुळाशी पू झाल्यासारखं दिसतं. अननुभवी डोळ्यांनी असा 'पू' पाहून ठणठणीत दाताचं रूट कॅनल होऊ शकतं. वेगळ्या कोनातून दुसरा एक्स-रे काढला की छिद्राचा डाग मुळापासून सरकतो आणि खरा पू असेल तर तो मुळाला चिकटूनच राहतो. शिवाय दात जिवंत आहे की नाही हे थंड लावून तपासता येतंच.

इम्प्लांटवाल्यांना या जागी वेगळीच धास्ती असते. काही जणांची नस छिद्राशी पोचून लगेच बाहेर पडत नाही. ती हाडाच्या आतून काही मिलिमीटर पुढे जाते, वळते आणि मागे येऊन छिद्रातून बाहेर येते. याला अँटीरियर लूप म्हणतात. छिद्राच्या पुढे मोकळं हाड आहे असं समजून डॉक्टर ड्रिल करतात आणि तिथं नेमकी वळसा घेतलेली नस असते. हा वळसा बहुतेकांत दोनेक मिलिमीटरचा, पण काहींत बराच लांब. बोगद्याच्या वर इम्प्लांटचं टोक ठेवताना साधारण २ मिलिमीटर अंतर सोडायचा संकेत आहे. छिद्राच्या पुढे मात्र ठरावीक आकड्यावर विसंबून चालत नाही, त्या माणसाचं स्कॅनच पाहावं लागतं.

जिभेकडची बाजू

नस दुखावली तर त्रास होतो. जिभेकडच्या बाजूला चूक झाली तर जीव धोक्यात येऊ शकतो. सामान्य वाचकाला हे क्वचितच कुणी सांगतं.

हनुवटीच्या आतल्या बाजूला, मधोमध, बहुतेक सगळ्यांच्या हाडात एक किंवा अधिक बारीक छिद्रं असतात. त्यांतून जिभेखालून आलेल्या छोट्या धमन्या आत शिरतात. मागे दाढांखाली जिभेकडच्या बाजूला हाड आत दबलेलं असतं, त्या खोलगट जागेत लाळग्रंथी विसावते. हा खोलगटपणा कुणात नावापुरता असतो, कुणात चांगलाच खोल. वरून पाहिलं तर हाड रुंद दिसतं, बोटानंही तसंच लागतं, पण खाली ते अचानक आत वळलेलं असतं. सरळ खाली गेलेलं ड्रिल त्या वळणावर हाडाची आतली भिंत फोडून बाहेर निघू शकतं, आणि तिथं धमनी असेल तर रक्त तोंडाच्या तळाच्या सैल भागात साठायला लागतं. जीभ वर ढकलली जाते, श्वासाची वाट अरुंद होते. इम्प्लांट बसवताना असं घडून रुग्णाला तातडीनं श्वासनलिकेसाठी उपचार द्यावे लागल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. सूज लगेच न येता काही तासांनीही वाढू शकते. हे फार क्वचित होतं. पण पुढचं हाड 'सुरक्षित' म्हणून जो समज होता, तो अशाच प्रसंगांनी मोडला. हाडाचा आडवा छेद स्कॅनवर पाहिला, तर ते वळण आधीच दिसतं.

आजार वाटणारं, पण आजार नसलेलं

खालच्या उपदाढांच्या आत, जिभेकडून, कुणाकुणाला टणक गुठळ्या लागतात. बहुधा दोन्ही बाजूंना. त्यांना टोरस म्हणतात. जीभ फिरवताना एक दिवस त्या लक्षात येतात, माणूस आरशासमोर टॉर्च घेऊन बसतो आणि मग रात्री झोप नाही. हे साधं जास्तीचं हाड असतं, काही घराण्यांत चालत आलेलं आणि बहुधा दातांवर पडणाऱ्या ताणाशीही जोडलेलं. कवळी बसवायच्या आड आलं तर काढतात, नाहीतर हात लावत नाहीत. काढलेलं हाड दुसरीकडे भर घालायलाही वापरता येतं. अर्थात तोंडातली नवी, मऊ, दुखणारी किंवा वाढत जाणारी गाठ स्वतःच टोरस ठरवून गप्प बसू नये.

दुसरा चकवा एक्स-रेतला. १९४२ साली एडवर्ड स्टॅफ्ने यांनी ३५ रुग्णांत जबड्याच्या कोपऱ्याजवळ, बोगद्याच्या खाली, स्पष्ट कडांची काळी पोकळी असल्याचं नोंदवलं. दिसायला ती हुबेहूब गाठीसारखी. प्रत्यक्षात तो हाडाच्या आतल्या पृष्ठभागावरचा खळगा असतो आणि त्यात बहुधा लाळग्रंथीचा एखादा भाग बसलेला असतो. जास्त करून पुरुषांत सापडतो. त्यावर उपचार काहीच नाही. गाठी सहसा बोगद्याच्या वर, दातांच्या बाजूला होतात, हा खळगा त्याच्या खाली असतो. जागेवरूनच अर्धं निदान होतं.

मुळांच्या बाबतीतही असाच लपंडाव चालतो. खालच्या पहिल्या दाढेला दोन मुळं असतात, असं आपण शिकतो. पूर्व आशियातल्या लोकांत जिभेकडच्या बाजूला तिसरं मूळ सापडणं नेहमीचं आहे, युरोपीय लोकांत ते ५ टक्क्यांहूनही कमी. दुसऱ्या दाढेची मुळं कधी एकमेकांना जुळतात आणि आतली नळी आडव्या छेदात इंग्रजी सी अक्षरासारखी दिसते. तिच्या कानाकोपऱ्यातून जंतू काढणं म्हणजे रूट कॅनल करणाऱ्याच्या चिकाटीची परीक्षा. खालच्या पुढच्या इवल्याशा दातांतही बऱ्याच जणांना दोन नळ्या असतात, आणि दुसरी पहिलीच्या मागे लपल्यानं एक्स-रेत एकच दिसते. उपचार करूनही दात दुखतच राहिला तर आधी ही न सापडलेली नळी शोधायची असते. तिसऱ्या मुळाचा माग तर फार मागे जातो. तिबेटच्या पठारावरच्या एका गुहेत १९८० साली किमान १,६०,००० वर्षांपूर्वीचा, डेनिसोव्हन मानवाचा (आता नामशेष झालेल्या एका प्राचीन मानवशाखेचा) मानला जाणारा जबडा सापडला. त्याच्या खालच्या दाढेला तीन मुळं होती. आजच्या आशियाई लोकांकडे हे लक्षण तिथूनच आलं का, यावर अभ्यासकांत वाद चालू आहे.

दात गेल्यावर

हे सगळं एकदा ठरलं की आयुष्यभर तसंच राहतं असंही नाही. हाड टिकतं ते दात असेपर्यंत. दात काढला की त्याला धरून ठेवणारा हाडाचा भाग झिजायला लागतो, आणि सगळे दात जाऊन वर्षं लोटली की आडवा भाग उंचीनं जवळजवळ निम्मा होऊ शकतो. झीज वरून होते. छिद्र मात्र जागच्या जागी राहतं. तरुणपणी उंचीच्या मध्यावर असलेलं ते छिद्र म्हातारपणी हाडाच्या माथ्याशी येतं, आणि त्यातून बाहेर पडणारी नस हिरडीच्या लगेच खाली.

आता त्यावर कवळी बसते. प्रत्येक घासाला ती नसेवर दाबली जाते. पेशंट सांगतात, "कवळी घातली की ओठात विजेचा झटका बसतो," किंवा "हनुवटीला मुंग्या येतात." घरच्यांना वाटतं, वयामुळे कुरकुर चाललीय. कुणी मेंदूच्या डॉक्टरकडे जाऊन येतं, कुणी कवळी डब्यात ठेवून पातळ पेजेवर दिवस काढतं. खरं तर बोटानं उपदाढेची जुनी जागा हलकेच दाबली, की पेशंट "हीच ती" म्हणून डोकं मागे घेतो. मग कवळीच्या आतल्या बाजूला नेमकी तेवढी जागा रंगाची खूण करून शोधतात, तिथलं थोडं घासून पोकळ करतात आणि पुन्हा घालून पाहतात. पुष्कळदा एवढ्यानंच झटके थांबतात.